कृती फुकट, भाजणी तयार

चकलीची भाजणी घरी करावी की बाजारातून तयार आणावी, या प्रश्नावर मराठी कुटुंबांत दर दिवाळीला दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष म्हणतो, त्यात कठीण ते काय? चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची, थोडी मुगाची, वर धने आणि जिरे; कृती काय, आजीच्या वहीत लिहिलेलीच आहे. दुसरा पक्ष म्हणतो, कृती आहे हो. पण धुवायचे कोणी, सावलीत वाळवायचे कोणी, एकेक जिन्नस मंद आचेवर भाजायचा कोणी आणि गिरणीच्या रांगेत डबा धरून उभे राहायचे कोणी? मग बहुधा दुसऱ्या पक्षाचा विजय होतो आणि तयार भाजणीची पिशवी घरात येते.

मला आज लिहायचे आहे ते मात्र फराळाविषयी नाही, संगणकाविषयी. पण तिथेही वाद अगदी हाच आहे. जगातले पुष्कळसे उत्तम प्रोग्रॅम आज फुकट मिळतात. नुसते फुकट नव्हे, तर त्यांची सबंध कृती, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, कोणालाही वाचायला, बदलायला आणि दुसऱ्याला द्यायला मोकळी असते. यालाच ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली ग्नू नावाची चळवळ पुकारली, १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हल्ड्‌स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहिले, आणि तेव्हापासून हा सदावर्ताचा कारभार वाढतच गेला. तुम्ही वर्तमानपत्राची संकेतस्थळे पाहता, मुलांचे ऑनलाइन वर्ग पाहता, विकिपीडिया वाचता, त्यांपैकी पुष्कळांच्या पोटात हेच मुक्त प्रोग्रॅम असतात.

पण कृती मिळाली म्हणजे चकली मिळाली असे होत नाही. हा फुकटचा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर उभा करून चालता करणे हे भाजणी भाजण्याइतकेच, किंबहुना त्याहून किचकट काम आहे. म्हणून गेल्या वीस-बावीस वर्षांत तयार भाजणी करून देणारे कारखाने जगभर निघाले. त्यांची हकीकत मोठी मनोरंजक आहे आणि आपल्यासारख्या सामान्य माणसांच्या हिताशी तिचा जवळचा संबंध आहे. मला तो संबंध कळला तो आमच्या जेसल पार्कातल्या एका छोट्या वाचनालयामुळे.

चार कपाटांचे वाचनालय

जेसल पार्क म्हणजे भाईंदर पूर्वेला, वसईच्या खाडीच्या काठी वसलेली वस्ती. एका बाजूला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या बाजूला खाडीची चौपाटी, आणि मध्ये इमारतींची दाटी. गिरगाव, परळ, दादर येथील चाळींतून जागेच्या शोधात उत्तरेकडे सरकलेली मराठी कुटुंबे इथे आहेत, तशीच गुजराती आणि मारवाडी कुटुंबेही पुष्कळ आहेत. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदर शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली होती. एवढ्या माणसांना वाचायला पुस्तके किती, हा प्रश्न विचारू नये तेच बरे.

आमचे वाचनालय म्हणजे चार लोखंडी कपाटे आणि एक टेबल. पुस्तके साडेतीन हजारांच्या आसपास. मराठी, गुजराती, हिंदी, थोडी इंग्रजी. काम करणारी आम्ही सगळी हौशी मंडळी. काही वर्षांपूर्वी वाचनालयाने एका विक्रेत्याकडून पुस्तकांची यादी ठेवण्याचा प्रोग्रॅम विकत घेतला होता. तो चांगला चालत होता. पुढे त्या विक्रेत्याने दुकान बंद केले, जुना संगणकही दमला, आणि नव्या संगणकावर तो प्रोग्रॅम चालेना. यादी त्याच्या पोटात होती, पण ती बाहेर काढायचा रस्ता त्यात ठेवलेलाच नव्हता. दोन वर्षे खपून टाइप केलेली साडेतीन हजार पुस्तके, त्यांचे लेखक, कोणी काय नेले याची नोंद, सगळे काही कुलूपबंद. किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूसच गावात नाही.

कमिटीची सभा भरली. खजिनदारसाहेब म्हणाले, "पुन्हा पैसे घालून नवा प्रोग्रॅम घ्यायचा आणि पुन्हा पाच वर्षांनी रडत बसायचं, एवढंच ना?"

त्यावर आमच्याकडे शनिवारी पुस्तके देण्याघेण्याचे काम करणारी कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "काका, कोहा म्हणून एक प्रोग्रॅम आहे. मोठमोठ्या विद्यापीठांत चालतो. फुकट आहे."

"फुकट?" खजिनदारसाहेबांचा चष्मा नाकावर खाली आला. "मुली, फुकट मिळतं ते पचतंच असं नाही."

"म्हणजे प्रोग्रॅम फुकट आहे काका. तो उभा करायची मेहनत फुकट नाही."

हे तिचे वाक्य सभेत कोणी टिपून घेतले नाही, पण या सगळ्या विषयाचे सार त्यात आहे.

न्यूझीलंडचा आहेर

कोहाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाचा एक जिल्हा आहे. मोठे शहर नाही, श्रीमंत प्रदेश नाही. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांचा जुना प्रोग्रॅम इसवी सन २००० हा आकडा समजून घेण्यास असमर्थ होता. १९९९ साल उजाडले तसा प्रश्न गळ्याशी आला. बाजारातला नवा प्रोग्रॅम परवडेना. तेव्हा ग्रंथालयाच्या न्यासाने कॅटिपो नावाच्या छोट्या कंपनीकडून नवाच प्रोग्रॅम लिहून घेतला. ३ जानेवारी २००० या दिवशी तो चालू झाला. आणि मग त्या मंडळींनी तो स्वतःपुरता न ठेवता, कृतीसकट सगळ्या जगाला देऊन टाकला.

कोहा हा माओरी भाषेतला शब्द आहे आणि त्याचा अर्थ भेट. पाहुणे यजमानांकडे जाताना जी भेट नेतात ती कोहा. आपल्याकडच्या आहेराशी तिचे जवळचे नाते. आहेर घेणाराने तो लक्षात ठेवायचा आणि वेळ येईल तेव्हा परत करायचा, हा जो आपला अलिखित रिवाज आहे, तसाच भाव या माओरी शब्दातही आहे.

अशा प्रोग्रॅमांची नावे मोठी गमतीची असतात. संकेतस्थळे चालवण्याचा एक प्रसिद्ध प्रोग्रॅम आहे जूमला. २००५ साली त्याचे बारसे झाले तेव्हा स्वाहिली भाषेतला 'जुमला' हा शब्द त्यासाठी निवडला गेला. अर्थ, सर्व मिळून. स्वाहिलीत हा शब्द अरबीतून गेला आणि मराठीतही तो तिथूनच आला. आपल्या जुन्या हिशेबी कागदांत 'एकूण जुमला' असे लिहीत, तोच हा शब्द.

एका प्रोग्रॅमाच्या पंक्तीला दहा पाहुणे

आता कोहा उभा करायचा म्हणजे काय काय लागते ते पाहा. आधी लिनक्स पाहिजे. त्यावर अपाची नावाचा वाढपी पाहिजे. ब्राउझरने पान मागितले की ते आणून देण्याचे काम त्याचे. नोंदी ठेवण्यासाठी मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल हे कोठार पाहिजे. कोहा पर्ल नावाच्या भाषेत लिहिला आहे, तेव्हा पर्ल पाहिजे आणि पर्लच्या शंभरावर छोट्या-मोठ्या पुरवण्या पाहिजेत. पुस्तक शोधण्यासाठी झेब्रा नावाचा वेगळा प्रोग्रॅम पाहिजे. यातल्या प्रत्येकाच्या आवृत्त्या निरनिराळ्या, आणि अमक्याची ही आवृत्ती तमक्याच्या त्या आवृत्तीशी बोलत नाही, असे मानपान. एका पाहुण्याचे पान चुकले की अख्खी पंगत उठते.

हे सर्व हाताने जुळवणारे पंडित आहेत, पण ते भाईंदरच्या वाचनालयाला कोठून मिळणार? हीच अडचण जगभर लाखो शाळांची, दुकानांची आणि संस्थांची होती. तिच्यातून तयार पॅकेजांचा धंदा जन्माला आला.

२००२ साली जर्मनीत काई झाइडलर आणि के फोगेलगेसांग या दोघांनी झॅम्प नावाचे पॅकेज काढले. अपाची, कोठार, पीएचपी आणि पर्ल अशी चार भांडी एकाच डब्यात. डबा उघडला की संगणकावर प्रयोगशाळा तयार. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या कितीतरी मुलांनी संकेतस्थळ करण्याचे पहिले धडे याच डब्यावर गिरवले.

२००३ साली डॅनिएल लोपेस या स्पॅनिश तंत्रज्ञाने बिटरॉक नावाची कंपनी काढली. तिच्यातूनच पुढे बिटनामी निघाली. झॅम्पने भांडी दिली होती. बिटनामीने भांड्यांसह स्वयंपाकच दिला. वर्डप्रेस हवे? हा घ्या वर्डप्रेसचा डबा. खालचा वाढपी, कोठार, भाषा, सगळे त्यातच. जूमला हवे, मूडल हवे, विकिपीडियामागचा मीडियाविकी हवा? प्रत्येकाचा वेगळा डबा. २००८ साली टर्नकी लिनक्स हा प्रकल्प निघाला. नावच बोलके; किल्ली फिरवली की घर राहायला तयार. त्याची सुमारे शंभर पॅकेजे डेबियन लिनक्सच्या पायावर उभी आहेत.

सॉफ्टॅक्युलस हे नाव पुष्कळ वाचकांनी न कळत पाहिले असेल. २००९ साली भारतीय मंडळींनी उभी केलेली ही कंपनी. आपण एखाद्या कंपनीकडून संकेतस्थळासाठी भाड्याने जागा घेतली, की तिच्या नियंत्रण फलकावर प्रोग्रॅमांच्या चित्रांची एक भलीमोठी पाटी दिसते. चित्रावर बोट ठेवले की तो प्रोग्रॅम मिनिटाभरात आपल्या जागेवर उभा राहतो. ती पाटी बहुतेक वेळा सॉफ्टॅक्युलसची असते. तीत चारशेच्या वर प्रोग्रॅम आहेत. घरच्या संगणकावर प्रयोग करणाऱ्यांसाठी त्याच कंपनीने अँप्स नावाचा डबाही काढला.

न्हावा-शेवाचे डबे

खरी क्रांती झाली ती २०१३ साली. त्या वर्षी मार्च महिन्यात सॉलोमन हाइक्स याने अमेरिकेतल्या एका परिषदेत डॉकर नावाची युक्ती जगापुढे मांडली. ही युक्ती समजायला संगणक नको, बंदर पाहायला हवे.

पूर्वी जहाजावर माल चढवायचा म्हणजे पोती वेगळी, पिंपे वेगळी, पेट्या वेगळ्या. प्रत्येकाची उचल निराळी, हमाल निराळे, फुटतूट निराळी. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाने न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालेल्या एका जहाजावर ५८ लोखंडी डबे चढवले. सगळे एकाच मापाचे. आत काय आहे याच्याशी क्रेनला कर्तव्य नाही. डबा उचलायचा, ठेवायचा, की संपले. आपल्याकडे १९८९ साली न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि मुंबईच्या बंदराचा पुष्कळसा व्यापार तिकडे गेला, तो याच डब्यांच्या पाठीवर बसून.

डॉकरने प्रोग्रॅमांचे तेच केले. प्रोग्रॅम आणि त्याच्या पंगतीतले सगळे पाहुणे एका ठरावीक मापाच्या डब्यात बंद. डबा माझ्या संगणकावर चालला तर तुमच्याही चालणार. डब्यांच्या सार्वजनिक वखारी निघाल्या. "अमका डबा आण आणि चालव" अशी एक ओळ लिहायची, की संगणक वखारीतून डबा आणतो आणि चालवतो. बिटनामीनेही आपली सगळी पाकशाळा या डब्यांत भरली. ते डबे कोट्यवधी वेळा उतरवून घेतले गेले.

आपल्या मुंबईतलेच उदाहरण द्यायचे तर ईआरपीनेक्स्टचे देता येईल. ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यात हिशेब, साठा, मागण्या आणि पगार एका सूत्रात बांधणारा प्रोग्रॅम बसवून पाहिला, तो मनासारखा जमला नाही, तेव्हा स्वतःच लिहायला घेतला. २००८ साली कंपनी निघाली. आज तिचे नाव फ्रॅपे. ईआरपीनेक्स्टची संपूर्ण कृती मोफत आणि उघडी आहे, आणि तिचे तयार डबेही कंपनी स्वतःच करून देते. आमच्या भाईंदरला स्टीलची भांडी करणारे गाळे पुष्कळ आहेत. पत्रा किती आला, भांडी किती गेली, मोड किती निघाली हे चोपडीत लिहिणाऱ्या एखाद्या गाळेवाल्याला मनात आणले तर हा मुंबईत जन्मलेला कारकून एका पैशाचे परवानाशुल्क न देता कामावर ठेवता येतो. अर्थात त्याची देखभाल कोणीतरी केली पाहिजे. इथेच पुढची गोष्ट सुरू होते.

वखारीवरची पाटी

बिटनामी २०१९ साली व्हीएमवेअर या मोठ्या कंपनीने विकत घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअरला ब्रॉडकॉम या त्याहून मोठ्या कंपनीने विकत घेतले. डबे पूर्वीसारखेच मिळत होते, तेव्हा खाली कोण बसले आहे आणि वर कोण, याची फिकीर कोणी केली नाही.

जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले की बिटनामीच्या मोफत डब्यांची वखार आवरती घेतली जाणार. जुने डबे 'लेगसी' नावाच्या अडगळीच्या खोलीत जातील. तिथून नेता येतील, पण त्यांत पुढे कोणतीही दुरुस्ती होणार नाही. ताजे, तपासलेले डबे पैसे भरणाऱ्यांना. मोफत राहतील ते थोडेसे, आणि तेही प्रयोगापुरते. आधी २८ ऑगस्टची तारीख होती. ओरड झाली तेव्हा जुनी वखार पुसण्याची तारीख २९ सप्टेंबरवर ढकलली, आणि मधल्या दिवसांत लोकांना जागे करण्यासाठी वखार थोडा थोडा वेळ बंद ठेवण्यात आली.

यात गोंधळ का व्हावा? कारण हजारो संगणकांच्या पोटात ती एक ओळ लिहिलेली होती: अमका डबा आण आणि चालव. संगणक चालू आहे तोवर ठीक. पण तो बंद होऊन पुन्हा उठला, किंवा काम नव्या संगणकावर हलवले, की तो वखारीकडे जाणार आणि तिथे डबा नाही असे दिसले की तिथेच थांबणार. ज्यांनी ती ओळ लिहिली होती त्यांतले कित्येक नोकरी सोडून गेलेले. मागे राहिलेल्यांना आपल्या घरात बिटनामीचा डबा आहे हेच मुळी ठाऊक नाही.

न्यायाने बोलायचे तर यात कोणी कोणाचे काही हिरावून घेतले नाही. वर्डप्रेस फुकट होते ते फुकटच आहे. डबे कसे भरायचे याची बिटनामीची कृतीदेखील उघडीच ठेवली गेली. गेली ती भाजण्याची फुकट सेवा. मुक्त परवाना आपल्याला कृतीवर हक्क देतो. दुसऱ्याने आपल्यासाठी रोज उठून चुलीपाशी बसावे असा हक्क तो देत नाही. इतकी वर्षे आपण या दोन गोष्टी एकच समजत होतो.

आणि शिळ्या डब्याचा धोका लहान नाही. पिठाला जाळी धरली तर ती दिसते. प्रोग्रॅमाला धरलेली दिसत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या एका इवल्याशा मोफत घटकात भयंकर भगदाड सापडले. हा घटक स्वतः होऊन कोणी आणलेला नसे; तो दुसऱ्या प्रोग्रॅमांच्या डब्यांत तळाशी बसलेला असे. दुरुस्ती लगेच निघाली, पण आपल्या कोणकोणत्या डब्यांत तो आहे हे शोधता शोधता मोठमोठ्या कंपन्यांची माणसे नाताळात रात्र-रात्र जागली. बंद डब्यातले पीठ चाळता येत नाही, हा तयार मालाचा जुनाच दोष आहे.

पाच प्रश्न

ही बातमी आमच्या सभेत निघाली तेव्हा खजिनदारसाहेबांचा चेहरा "मी म्हणत नव्हतो?" असा झाला. कोहा त्याआधी वर्षभर चालू झालेला होता. आमचा डबा त्या वखारीतला नव्हता. कोहा चालवणारी जगभरची मंडळी स्वतःच डेबियनसाठी तयार पॅकेज करतात, आणि तेच त्या मुलीने बसवले होते. डेबियन ही १९९३ साली इयान मर्डॉकने सुरू केलेली स्वयंसेवकांची संस्था. त्याचे आणि त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीचे, डेब्राचे, नाव जोडून हे नाव केले. कोणा एका कंपनीला विकत घेता येईल असे तिचे दुकान नाही.

तरी साहेबांचे समाधान होईना. ते म्हणाले, "आपलं वाचलं ते नशिबानं की अकलेनं, ते मला सांग." मग त्या मुलीने एका कागदावर पाच प्रश्न लिहिले. ते इतके उपयोगी आहेत की सोसायटीचे, शाळेचे, दवाखान्याचे किंवा दुकानाचे काम अशा प्रोग्रॅमावर टाकण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ते विचारावेत, म्हणून इथे देतो.

पहिला: डबा कोण भरतो? प्रोग्रॅम लिहिणारी मंडळीच भरतात की तिसराच कोणी? मूळ मंडळींचा डबा मिळत असेल तर तो आधी घ्यावा.

दुसरा: शेवटची दुरुस्ती केव्हा झाली? वर्ष उलटून गेले असेल तर तो डबा कितीही सुबक असो, घेऊ नये. आणि घेतल्यावर दुरुस्त्या आपोआप येतात की हाताने आणाव्या लागतात, हे विचारून घ्यावे.

तिसरा: आमच्या नोंदी बाहेर कशा निघतात? सर्वमान्य रूपात निघाल्या पाहिजेत. ग्रंथालयांच्या नोंदींसाठी मार्क नावाचा जागतिक नमुना आहे, कोहा त्यात सगळी यादी काढून देतो. उद्या कोहा आवडेनासा झाला तर यादी घेऊन दुसरीकडे जाता येते. आमच्या पहिल्या प्रोग्रॅमाला हाच प्रश्न कोणी विचारला असता तर साडेतीन हजार पुस्तके पुन्हा टाइप करावी लागली नसती.

चौथा: कुलूप कारखान्यातलेच आहे काय? पुष्कळ तयार पॅकेजांत व्यवस्थापकाचे नाव आणि परवलीचा शब्द आधीच घातलेला असतो आणि तो पुस्तिकेत छापलेलाही असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा. आमच्या यादीत सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत, निम्म्याहून अधिक सभासद स्त्रिया आहेत. २०२३ च्या कायद्याने अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी ठेवणाऱ्यावर टाकली आहे. आणि कायदा नसता तरी ती होतीच.

पाचवा, आणि सर्वांत अवघड: ती मुलगी लग्न करून किंवा नोकरी लागून गेली तर कोण?

या शेवटच्या प्रश्नावर सभा गप्प झाली. ती मुलगी मात्र हसली आणि म्हणाली, "काका, म्हणून तर मी वही केलीय." खरोखरच तिने शंभर पानी वही केली आहे. काय बसवले, कोठे बसवले, कोणती आज्ञा दिली, तिने काय उत्तर दिले, सगळे मराठीत. त्यात एक पान आमच्यासारख्यांसाठी मोलाचे आहे. कोहाचा शोध मुळात रोमन लिपी धरून बसवलेला असतो. देवनागरी किंवा गुजराती शब्द नीट सापडायचे तर झेब्राच्या अनुक्रमणिकेत आयसीयू नावाची सोय चालू करून सगळी यादी पुन्हा लावून घ्यावी लागते. तयार डब्यावर हे छापलेले नसते. मीठ आपल्या चवीने घालायचे असते तसेच हे.

परतीचा आहेर

त्या वहीवरून आता दोन माणसे तयार झाली आहेत. एक दहावी झालेला मुलगा आणि एक निवृत्त शिक्षिका. बाई पंचाहत्तरीच्या घरात आहेत. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल या उपक्रमाचे कोहावरचे छोटे छोटे पाठ त्यांनी एकामागून एक पाहिले. थांबवायचे, करून पाहायचे, पुन्हा चालू करायचे. दर शनिवारी रात्री नोंदींची एक प्रत त्या पेनड्राइव्हवर घेतात आणि घरी साखरेच्या डब्यामागे ठेवतात. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतात, कारण वहीत लिहिले आहे की न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे.

बाईंनी आणखी एक काम अंगावर घेतले आहे. कोहाचे पडद्यावरचे शब्द निरनिराळ्या भाषांत आणण्याचे काम जगभरचे स्वयंसेवक करतात. बाईंनी त्यासाठी मराठी शब्दांची यादी करायला घेतली. पुस्तक दुसऱ्याकडे असताना आपल्यासाठी सांगून ठेवण्याला काय म्हणावे? 'आरक्षण' त्यांना रेल्वेचे वाटले. त्यांनी 'राखून ठेवा' केले. परत न आलेल्या पुस्तकाला 'थकीत' म्हणण्याचे त्यांनी साफ नाकारले. "पुस्तक थकत नाही, मुदत उलटते," असे म्हणून त्यांनी 'मुदत उलटली' असे लिहिले. ही यादी आता अडीचशे शब्दांच्या वर गेली आहे.

महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो सार्वजनिक वाचनालये आहेत. त्यांतली बहुतेक लहान, अनुदानावर कशीबशी चालणारी, आणि मान्यता नसलेली आमच्यासारखी आणखी कितीतरी. प्रत्येकाला स्वतंत्र तज्ज्ञ परवडणार नाही. पण एका तालुक्यातल्या दहा वाचनालयांनी मिळून एक वही, एक डबा आणि दोन जाणती माणसे ठेवली तर ते मुळीच अवघड नाही. खजिनदारसाहेबांनी हा ठराव मांडायचे कबूल केले आहे. त्यांनी अट एवढीच घातली आहे की वहीची दुसरी प्रत काढून ती त्यांच्याकडे द्यावी. ती ते बँकेच्या पासबुकांबरोबर कपाटात ठेवणार आहेत.